माजी सैनिकांचं हॉस्पिटल नेमकं कुठं असतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून बोलतोय ते तुम्हाला कळेल. तुमचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९९८ साली नाईक म्हणून पेन्शनवर आले. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे. बारा-चौदा वर्षांपासून शुगर. चपलेनं पायाला फोड आला, तो चिघळला, आणि एका रविवारी रात्री ताप चढून ते बरळायला लागले तेव्हा तुम्ही त्यांना तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. तिथं कार्ड चालत नव्हतं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. बिल दोन लाख चाळीस हजार. डिस्चार्ज झाल्यावर, म्हणजे तेराव्या दिवशी तुम्ही योजनेच्या दवाखान्यात, पॉलिक्लिनिकला, गेलात, तर खिडकीवरच्या माणसानं "आता काही होत नाही" म्हणून परत पाठवलं. तुम्ही विचारताय की पैसे बुडाले का, "मिलिटरीच्या हॉस्पिटलात थेट का नेलं नाही" असं नातेवाईक बोलतात ते बरोबर आहे का, आणि कृत्रिम पाय कुठं बसवायचा.

मी आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. त्यानंतर नऊ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटावर काम केलं. म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला मीही बसलोय, आणि "आता काही होत नाही" हे वाक्य दिवस संपत आला की किती सहज तोंडातून निघतं ते मला माहीत आहे. माझ्याही तोंडून निघालंय. तुमच्या बाबतीत ते वाक्य अर्धंच खरं आहे.

आधी नातेवाईकांचं बघू, कारण तुमच्या मनाला तेच लागलेलं दिसतंय. तुम्ही चुकला नाहीत. रविवारी रात्री तुम्ही बाबांना पॉलिक्लिनिकला नेलं असतं तर फाटकाला कुलूप भेटलं असतं. पॉलिक्लिनिक म्हणजे हॉस्पिटल नव्हे. तिथं मोजके डॉक्टर, एक दातांचे डॉक्टर, छोटी लॅब, औषधांची खिडकी आणि एक ॲम्ब्युलन्स असते. ठेवून घ्यायला एकही खाट नसते. ऑफिसच्या वेळेत उघडं, रविवारी बंद. आणि तिथून पुण्याला गाडी काढून रात्री फौजेचं कमांड हॉस्पिटल गाठायचं म्हटलं असतं, तर बरळणाऱ्या, तापानं फणफणलेल्या माणसाचे तेवढे तास रस्त्यात गेले असते. पायातलं विष रक्तात उतरलेलं असताना जवळचं हॉस्पिटल तेच बरोबर हॉस्पिटल. योजनेचा नियमही हेच म्हणतो, त्याकडे पुढे येतो.

मग "माजी सैनिकांचं हॉस्पिटल" ही कल्पना आपल्याकडे आली कुठून? याचं उत्तर थोडं मागे जाऊन देतो, कारण योजनेतल्या अर्ध्या विचित्र गोष्टी त्यातूनच समजतात.

आपल्याकडे सैनिकांसाठी जे जे उभं राहिलं ते लढाईच्या जखमेसाठी उभं राहिलं. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून आलेल्या हिंदी शिपायांना काहीतरी हातचं काम शिकवावं म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल ही शाळा निघाली. लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं. १९२२ मध्ये ती खडकीला आली आणि अजून तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं. १९७१ च्या लढाईत पाठीच्या कण्याला मार बसून कंबरेखाली लुळे पडलेले जवान आले, त्यांच्यासाठी १९७४ मध्ये खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर झालं. एकेका लढाईमागं एकेक संस्था. पुणे-खडकीच्या एवढ्याशा पट्ट्यात हे सगळं आहे, म्हणून आपल्या भागात "पुण्याला मिलिटरीचं सगळं मिळतं" असं लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेत.

पण जवान पेन्शनवर येतो तो पस्तिशी-चाळिशीत. त्याला पुढची चाळीस वर्षं काढायची असतात, आणि त्या चाळीस वर्षांत त्याला गोळी लागत नाही. त्याला शुगर होते, बीपी होतो, बायकोचे गुडघे जातात, म्हाताऱ्या आईला मोतीबिंदू होतो. यासाठी काय होतं? मिलिटरी हॉस्पिटलं आहेत, पण ती आधी नोकरीतल्या जवानासाठी. खाट आणि डॉक्टर शिल्लक असतील तर पेन्शनर. ते बरोबरच आहे, सीमेवरून आणलेल्या पोराच्या आधी मला खाट द्या असं कुठलाही जुना फौजी म्हणणार नाही. पण आपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या फौजींच्या गावाहून एसटीनं पुण्याला जायचं, दिवसभर बसायचं आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन परतायचं, हे किती जण करणार? बाकीच्यांना औषधपाण्यासाठी पेन्शनबरोबर महिना १०० रुपये भत्ता मिळायचा. बस्स.

हे बदललं १ एप्रिल २००३ पासून. त्या दिवशी एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जी सीजीएचएस आहे तिच्या धर्तीवर. नवीन हॉस्पिटलं बांधायची नाहीत, जिल्ह्याजिल्ह्यात पॉलिक्लिनिक काढायचं आणि पुढचे उपचार करार केलेल्या खासगी हॉस्पिटलांत करायचे, असा तो हिशेब. त्या करारातल्या हॉस्पिटलांना सगळे "एम्पॅनल्ड" म्हणतात. आज देशभरात चारशेहून जास्त पॉलिक्लिनिकं आहेत. तेव्हा तुमचा मूळ प्रश्न, हॉस्पिटल कुठं आहे? ताई, एका जागी ते नाहीच. दार जिल्ह्याला आहे, खाटा दुसऱ्याच्या आहेत, आणि दोन्ही जोडणारा दोरा म्हणजे रेफरलचा, पुढच्या हॉस्पिटलात पाठवायचा, कागद. हा दोरा कुठं तुटतो ते ज्याला कळलं त्याचे पैसे वाचतात.

वर्गणीबद्दल एक बाजूची गोष्ट. २००३ नंतर पेन्शनवर येणाऱ्यांना योजना सक्तीची आहे, वर्गणी आधीच कापून घेतात. आता हवालदारापर्यंत ती एकरकमी ३०,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६ च्या आधी आलेल्यांना वर्गणी माफ. तुमचे वडील या दोन्हींच्या मधले, म्हणजे त्यांनी स्वतःहून, पदरचे पैसे भरून कार्ड काढलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी त्या वेळी काढलं नाही. कार्ड घेतलं की तो १०० रुपयांचा भत्ता बंद व्हायचा ना! "हातातले शंभर कशाला सोडू" म्हणणारे आमच्या गावातच होते. त्यातले एक पुढे बायपास सांगितल्यावर धावत आले. भत्ता आता १,००० रुपये झालाय, आणि तोच हिशेब आजही काही जण मांडतात.

आता बिलाचं. इथं तुम्ही नीट लक्ष द्या.

एरवीचा रस्ता असा: पॉलिक्लिनिकला दाखवायचं, तिथले डॉक्टर रेफरल देतात, तो घेऊन एम्पॅनल्ड हॉस्पिटलात जायचं, कार्ड दाखवायचं, एक पैसाही भरायचा नाही. हॉस्पिटल आपलं बिल परस्पर ऑनलाइन पाठवतं. जीवावरचं असेल तेव्हा मात्र रेफरलशिवाय जाता येतं, आणि त्यात दोन प्रकार. हॉस्पिटल एम्पॅनल्ड असेल तर ४८ तासांत कळवायची जबाबदारी त्याची आणि उपचार कॅशलेस. एम्पॅनल्ड नसेल तर बिल आधी आपण भरायचं आणि ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं काम आपलं. नंतर कागद देऊन पैसे परत मागायचे. तुमचा दोरा तुटला तो या ४८ तासांत.

पण तुटला म्हणजे संपला नाही. उशिरा कळवलेलं माफ करायचा अधिकार पॉलिक्लिनिकच्या खिडकीला नसतो, वरच्या कार्यालयाला असतो. म्हणून खिडकीवरचा "नाही" म्हणाला ते त्याच्या अधिकारापुरतं ठीक. तुम्ही ओआयसींना, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या प्रमुखांना भेटा. ते बहुतेक निवृत्त अधिकारी असतात. उशीर का झाला याचा साधा अर्ज त्यांच्यामार्फत वर पाठवायला सांगा. अर्जात रडगाणं नको, तारखा हव्यात: कधी दाखल केलं, कधी ऑपरेशन झालं, किती दिवस आयसीयूत होते, घरात दुसरं कोण होतं, कळवायला पहिल्यांदा कोण कधी गेलं.

क्लेम खऱ्या अर्थानं उभा राहतो तो एका कागदावर, आणि नेमका तोच लोक आणत नाहीत: इमर्जन्सी सर्टिफिकेट. "डायबेटिक फूट, गुडघ्याखाली पाय काढला" एवढंच डिस्चार्ज कार्डावर असेल तर तपासणारा विचारतो की फोड तर आठ दिवसांचा होता, मग रेफरल का नाही घेतला? त्या रात्रीची अवस्था कागदावर आली पाहिजे. ताप किती होता, बीपी किती पडला होता, शुगर किती, शुद्ध होती का, विष रक्तात पसरलं होतं का. हे सगळं त्यांच्या दाखल करतानाच्या नोंदीत असतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन शांतपणे मागा, डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. बाकी मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांचा आणि तपासण्यांचा तपशील, रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, कार्डाची प्रत. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा आणि तुमच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मिळेल किती? पूर्ण दोन लाख चाळीस हजार धरून चालू नका. परतावा सीजीएचएसच्या दरानं होतो, आणि तो दर खासगी हॉस्पिटलाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. उशीर माफ झाला तरच हे सगळं पुढे सरकेल. मी असे क्लेम मंजूर झालेलेही बघितलेत आणि परत आलेलेही. परत आलेल्यांत निम्मे तरी अपुऱ्या कागदांमुळं आलेले.

याच दरांच्या भानगडीतून आणखी एक अनुभव तुम्हाला पुढे येईल. यादीत नाव असलेलं हॉस्पिटलसुद्धा कधी "कार्डाची खाट शिल्लक नाही" म्हणतं, कधी डिपॉझिट मागतं. त्यांची बिलं सरकारकडं थकलेली असतात, राग पेन्शनरवर निघतो. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या सुभेदारसाहेबांकडून एका यादीतल्या हॉस्पिटलानं वीस हजार भरून घेतले होते. त्यांनी पावती जपून ठेवली होती म्हणून आमच्या ओआयसींनी ते परत मिळवून दिले. पावती नसती तर आम्ही काय करणार होतो? करार असलेल्या हॉस्पिटलानं कार्डधारकाकडून ॲडव्हान्स घ्यायचा नसतो. मागितलाच तर भांडण करत बसू नका, तिथूनच पॉलिक्लिनिकला फोन लावा. आणि यादीही बदलत राहते, हॉस्पिटलं येतात-जातात. तेव्हा जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांची नावं आत्ताची आत्ता विचारून, रात्रीच्या फोन नंबरसह घराच्या भिंतीवर लावा.

आता पायाचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि तुम्ही तो शेवटी, एका ओळीत विचारलाय.

बाबांना झालेली जखम शुगरची आहे, पण तिच्यासाठी लागणारी संस्था लढाईनं आधीच तयार करून ठेवलेली आहे. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर फक्त रणांगणावर पाय गमावलेल्यांसाठी आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही. माजी सैनिकांना तिथं कृत्रिम अवयव मिळतो आणि पैसे भरून साध्या नागरिकांचंही तिथं होतं. तुम्ही पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊनच जा. खासगीत लाखाच्या वर सांगितलंय म्हणता, ते सध्या बाजूला ठेवा.

रेफरल घेताना एक गंमत लक्षात ठेवा. फौजेत सेंटरला "एएलसी" म्हणतात. आणि पॉलिक्लिनिकमध्ये औषध शिल्लक नसलं की ज्या ठरलेल्या दुकानातून घ्यायला सांगतात त्या ऑथराइज्ड लोकल केमिस्टलाही "एएलसी"च म्हणतात! आमच्याकडे एका हवालदाराला "एएलसीला जा" सांगितलं, तो बिचारा कुबड्या टेकत चौकातल्या केमिस्टसमोर जाऊन पाय मागत उभा राहिला. तेव्हापासून मी चिठ्ठीवर "पुणे" असं मोठ्या अक्षरांत लिहायला लागलो.

पाय लगेच बसत नाही. टाके सुकले पाहिजेत, सूज उतरली पाहिजे, खुंटाला, म्हणजे कापलेल्या पायाच्या टोकाला, आकार आला पाहिजे. त्याला काही आठवडे, शुगरवाल्या माणसाला कधी काही महिने लागतात. किती ते खुंट बघितल्याशिवाय कुणीच सांगू नये. मग माप घेतात, खुंट ज्यात बसतो तो सॉकेट बनवतात, आणि त्यानंतर चालायला शिकवतात. लोकांचं सगळं लक्ष पाय कुठला, कितीचा, परदेशी की देशी यावर असतं. खरं दुखणं सॉकेटचं. तो नीट बसला नाही तर सगळ्यात भारी पायसुद्धा खाटेखाली पडून राहतो. खुंट वर्षभर बारीक होत जातो, त्यामुळं पहिला सॉकेट पुढे सैल होणार आणि परत जावं लागणार, हेही आधीच धरून चाला. आणि तिथल्या माणसांना बाबा दिवसभर काय करतात ते सांगा. शेतात अनवाणी जातात का, खाली मांडी घालून जेवतात का, संडास कसला आहे. ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्याचा पाय आणि बांधावर चालणाऱ्याचा पाय एक नसतो.

शुगरमुळं बाबांना खुंटाला लागलेलं कळणार नाही, जसं तो चपलेचा फोड कळला नव्हता. म्हणून रोज रात्री पाय काढल्यावर आरशात खुंट बघायचा. लाल डाग राहिला तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. आणि उरलेला पाय! तो आता सगळा भार घेणार. त्याची बोटांमधली जागा रोज तुम्ही स्वतः बघा. मी सांगतोय म्हणून नव्हे, एका पायाचा माणूस दुसऱ्यांदा आमच्या खिडकीवर व्हीलचेअरमध्ये आलेला मी बघितलाय.

कार्डाचंही एक काम याच फेरीत उरका. तुमच्या आईचं वेगळं कार्ड आहे का आणि त्यावरचं नाव पीपीओवरच्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरच्या, आणि आधारवरच्या नावाशी जुळतं का, ते तपासा. भरतीच्या वेळी कुठल्या तरी क्लार्कनं "शेवंताबाई"चं "सेवंती देवी" केलेलं असतं आणि ते तीस वर्षांनी, आयसीयूच्या दारात कळतं. नाव दुरुस्त करायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो, वेळ लागतो, म्हणून बाबा आहेत तोवर, त्यांच्या सहीनं करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यासाठी मदत मिळते. त्यांचा पॉलिक्लिनिकशी संबंध नसतो, दोन्ही वेगळी दारं आहेत, पण कागद कसा लिहायचा ते तिथं चांगलं सांगतात. पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना उपचारासाठी जे अनुदान असतं त्याचा अर्जही तिथूनच जातो. तुमच्या शेजारच्या काकांबद्दल तुम्ही विचारलंय ना, त्यांना तिकडं पाठवा.

सोमवारी गर्दी असते, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जा. बाबांना पहिल्या फेरीला नेऊ नका, त्यांचं कार्ड, फौजेतलं डिस्चार्ज बुक आणि हॉस्पिटलची फाइल घेऊन तुम्ही जा. आधी ओआयसींना अर्ज, मग डॉक्टरांकडे पुण्याच्या रेफरलचं काय काय लागेल ते विचारणं, मग औषधं. हाच क्रम ठेवा, कारण औषधांच्या रांगेत उभं राहिलात की दिवस जातो.

आणि एक काम आजच, हे वाचून झाल्या झाल्या. तुम्ही लिहिलंय की बाबांना आराम वाटतो म्हणून तुम्ही त्यांच्या गुडघ्याखाली उशी ठेवता. ती काढा. गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडला तर पुण्यातल्या सगळ्यात हुशार माणसालाही तिथं पाय बसवता येणार नाही. दिवसातून दोन-तीनदा त्यांना पंधरा मिनिटं पालथं झोपवा, गुडघा सरळ. क्रेप बँडेज कसं बांधायचं ते टाके तपासताना सर्जनकडूनच हातानं शिकून घ्या. गोल गोल आवळायचं नसतं, तिरकं, आठच्या आकड्यासारखं बांधतात. पण शुगरवाल्याचं रक्त कितपत पोचतंय ते बघूनच किती घट्ट ते ठरतं, म्हणून ते मी इथून सांगत नाही. उशीला मात्र कुणाला विचारायची गरज नाही.